नाही म्हणायचा तास

"नको म्हण गं. एवढंच म्हण," संयोगिता मॅडम वरच्या खिडकीतून पुटपुटल्या.

खाली फाटकाबाहेर, चिंचा-बोरं विकणाऱ्या म्हातारीच्या पलीकडे, सातवीतली कशिश उभी होती. तिच्यासमोर मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस.

मुलांना नशेपासून लांब ठेवायला सरकारनं शाळांना नवा तास दिला होता. 'नशा वाईट' असं फळ्यावर लिहून पोरं ऐकत नाहीत, हे संशोधकांना उशिरा का होईना, उमगलं होतं. म्हणून आता सराव. कुणीतरी नशेची गोळी म्हणून खडीसाखरेची पुडी पुढे करायची आणि मुलानं ठाम नाही म्हणायचं.

आज शेवटची परीक्षा होती, तीही मुलांना न सांगता. कुपवाडात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून साताऱ्याहून आकाराम नावाचे प्रशिक्षक येणार होते. मॅडमनीही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मधल्या सुट्टीत येतो," एवढंच फोनवर ठरलं होतं.

सरावात कशिशनं दोन्ही वेळा पुडी घेतली होती. वर "थँक्यू काका" म्हणाली होती! वर्ग पोट धरून हसला. मॅडमना मात्र हसू आलं नाही, कारण तिची आई शकिला त्यांच्यासमोर बसून रडून गेली होती.

"मोठ्यांनी दिलेलं परत करायचं न्हाई, आसंच शिकवलं आमी पोरांना," शकिला म्हणाली होती. "माझ्या अजमलला कामावरच्या मोठ्या माणसानं गोळी दिली. त्यानं घेतली. आता दवाखान्यात हाय. मॅडम, हिला तरी न्हाई म्हणायला शिकवा."

खाली माणसानं खिशातून काहीतरी काढून पुढे केलं. कशिशचा हात वर आला. हात अर्ध्यावर थांबला आणि पाठीमागे गेला.

माणूस हसला. त्यानं तिचं मनगट धरलं. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. हे काही पुस्तिकेत नव्हतं. पण गडी काम मन लावून करतोय, असं मनाशी म्हणत त्या खिडकीतच थांबल्या.

तेवढ्यात कशिशचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला.

"नको! मला नको! सोडा हात!"

म्हातारी टोपली सोडून उठली. पोरं धावली. माणसानं किक मारली आणि धूळ उडवत निघून गेला.

कशिश धापा टाकत वर आली. "मॅडम, लय मागं लागलं हुतं ते काका! तरीबी म्या न्हाई म्हटलं!"

मॅडमनी तिला छातीशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "पास झालीस बाळा. आज घरी जाऊन आईला सांग."

"अजमलभाईला सांगू?"

"त्याला तर सगळ्यात आधी."

दारात चपला वाजल्या. पांढऱ्या मिशांचा एक माणूस घाम पुसत आत आला.

"माफ करा मॅडम, मी आकाराम. कोरेगावच्या पुढं आमची एस्टी बंद पडली," असं म्हणत त्यानं पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढली. "हां, आता सांगा. परीक्षा कुठल्या पोरीची घ्यायची हाय?"