ढोलीतला आवाज

झाडावर चढून ढोलीच्या तोंडाशी मायक्रोफोन भिवा गवसानेच बांधला होता. जंगलाची होणारी हानी जगाला दाखवायला सहा देशांतले कलाकार महिनाभर गावात राहायला आले होते, आणि त्यांचा वाटाड्या तो. ढोलीत माडगरुडाची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी अंड्यांवर बसलेली. तिने आतून दार लिंपून घेतलेलं. उरल्या फटीतून नर भरवील तेवढंच तिचं खाणं.

फिनलंडची हेल्मी झाडाखाली यंत्रं मांडून नऊ दिवस बसली. नर चोचीत उंबरं घेऊन यायचा, माणसं बघून दोन घिरट्या घालायचा आणि तसाच परत जायचा. भिवाला ते दिसत होतं. पण पाहुण्यांना उठा कसं म्हणायचं? आज जातील, उद्या जातील, म्हणत तो गप्प राहिला. सहाव्या दिवसानंतर नर आलाच नाही.

महिनाअखेर शाळेत प्रदर्शन भरलं. खिडक्या लावून घेऊन हेल्मीने रेकॉर्डिंग सुरू केलं. टक... टक टक... टक.

"हे सह्याद्रीच्या काळजाचे ठोके आहेत," दुभाष्याने सांगितलं. लोकांनी डोळे मिटले. सरपंचांनी तर हात जोडले. ठोके हळूहळू मंदावले, थांबले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

भिवा दाराशी उभा होता. हेल्मी हसत त्याच्याकडे आली. "कसं वाटलं, विचारतेय," दुभाषी म्हणाला.

"ती चोच आपटत होती, बाय," भिवा म्हणाला. "उपाशी होती ती."