हात नको लावू

हर्णैच्या मासळी बाजारात यमुनाबाई चोगलेंनी जुना फोन टोपलीमागे टाकला आणि लिनक्स या कुणालाही बदलता येणाऱ्या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या नव्या हातसंगणकाला पहिला प्रश्न विचारला, "सुरमई कापताना हात बरबटलेले असतात. तुला चालवू कसं?"

"हात न लावता चालायची सोय माझ्यात अजून कुणी केलेली नाही. थांबा, करतो," असं म्हणून संगणकाने स्वतःलाच नव्याने लिहिलं. "आता नुसत्या नजरेने चालेन. सोयीला नाव काय देऊ?"

तेवढ्यात एका गिऱ्हाईक बाईने पापलेटाचे कल्ले उघडायला बोट घातलं. यमुनाबाई कडाडल्या, "हात नको लावू!"

"छान नाव," म्हणत संगणकाने ती सोय जगभर वाटून टाकली.

भाव ठरायच्या आत ब्राझीलमधल्या एका पाववाल्याचा निरोप आला: "दोन्ही हात पिठात आहेत, तरी लिहितोय. 'हात नको लावू' झकास चालतं!"

यमुनाबाई पोट धरून हसल्या. पापलेट पुढे करत त्या बाईला म्हणाल्या, "लाव गो, हवा तेवढा हात लाव!"