फोटोखालचं नाव

फेर्मीन मास्तरांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, टाचेखाली चिरडलं आणि यारेत्सीच्या कानाखाली अशी वाजवली की रस्ता अडवून उभे असलेले पोलीससुद्धा वळून बघायला लागले.

न्हाव्याच्या दुकानातला माणूस अजून खुर्चीतच होता. डोकं मागे कलंडलेलं, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, फेस लालभडक झालेला. यारेत्सी तीन घरं पलीकडे राहायची. गोळ्यांचा आवाज ऐकून ती अनवाणीच धावली आणि तिने बाहेरूनच, काचेतून, फोटो काढला. पोलीस दहा मिनिटांनी आले. शहरातल्या खुनांचे फोटो काढणारे तिघे म्हातारे, त्यात मास्तरही, त्यांच्याही मागून, आपापल्या मोटारसायकलींवर.

मुलगी सोळा वर्षांची. पण डोळा असा की तिघांची मिळून शंभर वर्षांची कमाई तिच्यापुढे फिकी पडावी.

"ही आपल्याला टॅको विकायला लावणार," कॅमेऱ्यात डोकावून चातो म्हणाला. नकट्या नाकामुळे सगळे त्याला चातोच म्हणत.

"तू आत्तापासूनच विक," तिसरा म्हणाला. "फोटो काढताना तरी तुझा हात कुठे स्थिर असतो?"

दोघं हसले. मढ्यापासून चार हातांवर उभं राहून हसायची त्यांना सवय होती. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला.

"कुठे पाठवलास?"

"पेपरला, फोनवरून. कधीच! आणि माझं नाव टाकणार आहेत."

तेव्हा कार्ड चिरडलं गेलं, तेव्हा थप्पड बसली. मग मास्तरांनी तिला मामाने दिलेला तो कॅमेरा डोक्यावर उचलून फुटपाथवर आपटला.

"हिला कॅमेरा धरता येत नाही!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ते ओरडले. "भांडी घासायची लायकी, आणि निघाली फोटो काढायला!"

मोटारसायकलला लाथ मारून ते पेपरच्या कचेरीकडे सुसाट गेले. यारेत्सी फुटक्या काचा वेचत बसली. तळहात कापला, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

"पोटात दुखतंय गं म्हाताऱ्याच्या," चातो म्हणाला. "माझ्याही दुखतंय, पण मी कॅमेरे नाही फोडत."

त्या पेपरात रक्ताच्या फोटोखाली चार वर्षांत कुणाचंही नाव आलं नव्हतं. मालक म्हणायचे, मढ्याखाली नाव शोभत नाही. पण पेपरची पानं लावणारा उबाल्दो नवा होता आणि यारेत्सी हट्टी होती. नाव नाही तर फोटो नाही, असं तिने त्याला बजावलं होतं.

सकाळी पहिलं पान भरून तिचा फोटो होता. खाली नाव होतं: फेर्मीन बान्युएलोस.

तिने पेपरच्या टपरीवरूनच उबाल्दोला फोन लावला.

"मी काय करू?" तो रडकुंडीला आला होता. "आला तोच टेबलावर मुठी आपटत. फोटो काढून टाक म्हणाला. मालक म्हणाले, असा फोटो दहा वर्षांत मिळाला नाही, छापणार. म्हाताऱ्याने खुर्ची फेकली, माझी गचांडी धरली. शेवटी म्हणाला, मग नाव तरी माझं टाका."

"आणि तू टाकलंस?"

"चाळीस वर्षं झालीत त्याला इथे, यारेत्सी. मला दीड महिना."

चाळीस वर्षांत त्यांनी हजारभर मुडदे टिपले असतील. एकाखालीही नाव मागितलं नव्हतं. आणि आता पोरीच्या पहिल्या फोटोवर डल्ला! यारेत्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठवलेल्या फोटोची प्रत तिच्या फोनमध्ये होती, पाठवल्याच्या वेळेसकट. ती मास्तरांच्या घरी निघाली. साऱ्या गल्लीदेखत त्यांचं थोबाड काळं करायचं आणि आपलं नाव परत घ्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दारात करड्या रंगाची मोठी गाडी उभी होती. फाटक सताड उघडं. अंगणात मास्तर खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारी दोन तरुण उभे, एकाच्या हातात पेपर.

कौतुक करून घ्यायला नटून बसलाय, तिच्या मनात आलं.

"झकास फोटो आहे, मास्तर," पेपर धरलेला तरुण म्हणत होता. "अगदी बारीकसारीक सगळं आलंय. तुम्हीच काढलात ना?"

"खाली नाव वाचता येत नाही का तुला?" मास्तर म्हणाले.

"खोटं!" यारेत्सी फाटकातूनच ओरडली. "तो फोटो..."

तो तरुण वळला. डावी भुवई मधोमध चिरलेली. त्याच्या हातातला पेपर आता तिच्याकडे तोंड करून होता. सकाळपासून तिने नुसतं नावच पाहिलं होतं, फोटो पाहिलाच नव्हता. फेसाळलेल्या गालामागे न्हाव्याचा आरसा होता. आरशात मागच्या दाराचा पडदा बाजूला करून, मागे वळून बघत कुणीतरी निघालं होतं, हातात पिस्तूल. आणि त्याची डावी भुवई मधोमध चिरलेली होती.

"तो फोटो काय?" त्याने मऊ आवाजात विचारलं. "कोण रे ही?"

मास्तर उठले. शर्ट नीट केला आणि आपण होऊनच गाडीकडे चालू लागले. तिच्याजवळून जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही होय?" ते हसले. "ही पलीकडची, भांडी घासायला येते. हिला कॅमेरा धरता तरी येतो का?"