रविवारची मॅच

दर रविवारी शिंपीकाका अमेरिकेतल्या मुलाला फोन लावायचे आणि उत्तर ठरलेलं यायचं, "बाबा, फुटबॉलची मॅच चालू आहे, नंतर बोलू." त्याच्याशी बोलायला निदान तेवढा विषय असावा, म्हणून सत्तरीत काकांनी इंग्रजीचा वर्ग लावला. तिथल्या बाई अमेरिकेतल्या ताज्या बातम्या आणि खेळ यांवरूनच शिकवायच्या.

"काका, तुम्ही तर तिकडचा फुटबॉल कोळून प्यायलात!" या रविवारी बाई कौतुकाने म्हणाल्या. मग त्यांनी बातमी वाचून दाखवली. हंगाम गेल्याच आठवड्यात संपला होता, आता सहा महिने एकही सामना नव्हता.

घरी येऊन काकांनी फोन लावला.

"बाबा, मॅच चालू आहे हो!"



"बघ रे, निवांत बघ. कोण जिंकलं तेवढं मात्र कळव हं."