घटनेत न मावणारा डोंगर

गावाने डोंगर विकत घेतला. पण ठराव मंजूर होईपर्यंत घेतलाच नाही असं समजू. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमधल्या गावसभेत डोंगर घ्यायच्या बाजूने सगळ्यांचे हात वर होते, अध्यक्ष ओरिनचा हातोडा हवेत अडकला होता. हातोडा पडेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, हा नियम त्याचाच. ‘गावाच्या घटनेत नाही ते करायचं नाही,’ हाही त्याचाच, दर सभेच्या भाषणात घोकलेला. त्यावरूनच लुसिंडाकाकूंनी सभेत बसायला मागितलेला बाक नामंजूर झाला होता. जमीनखरेदीही घटनेत नव्हती, पण डोंगर सोडला तर लाकूडवाले मेपलची झाडं तोडणार, मग गाव ज्यावर जगतं तो त्यांच्या रसाचा गोड पाक कुठून येणार? ‘अध्यक्षसाहेब,’ घरून आणलेल्या खुर्चीतून काकू ओरडल्या, ‘बाक घटनेत मावला नाही, डोंगर मावतोय का बघा! लवकर, खांदा गेला माझा!’ सभा हसली. हात मात्र वरच राहिले. ओरिनने डोळे मिटून हातोडा आपटला. ‘मंजूर! इतिवृत्तात नोंदवा: ग्रामस्थांना नम्र विनंती, अध्यक्षांची आजवरची भाषणे कृपया विसरावीत.’