सारसांचा पडदा

"हळू! सारसाची मान कठड्याला घासेल!" मी जिन्यातूनच ओरडले. चोरबाजारात सापडलेला चिनी घडीचा पडदा श्रीरंग आणि हमाल मिळून वर चढवत होते. काळं चकचकीत लाकूड आणि त्यावर उडणारे सोनेरी सारस. बघताक्षणी वेड लागलं होतं मला.

"एवढ्याशा खोलीत हे धूड?" सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "चौघांना झोपायला जागा पुरत नाही इथे."

"म्हणून तर आणलाय, बाबा!" मी एकेक घडी उलगडत गेले. जुन्या लाकडाचा वास सुटला, भिंतीपर्यंत सारस पसरले आणि खिडकीजवळचा कोपरा चक्क वेगळी खोली झाला. आमची खोली! बाबांची नजर चुकवून श्रीरंगने मला डोळा मारला.

तेवढ्यात सासूबाई खुर्ची उचलून पडद्यामागे निघाल्या.

"आई, काही हवंय का?"

"काही नको गं. जरा बसते. लग्न होऊन आल्यापासून या घरात कुणाच्या नजरेआड कधी बसलेच नाही. आत येऊ नका कुणी."

आम्ही तिघं सारसांकडे बघत राहिलो. मग पलीकडून शीळ ऐकू आली. आधी चाचरत, मग मोकळी, सुरेल, एखाद्या उनाड पोरीसारखी.

बाबांनी पेपर खाली ठेवला.

"हिला शीळ घालता येते?" त्यांनी मला विचारलं.