आठवा श्वास

अलर्ट बे गावाजवळच्या समुद्रात धुकं उतरलं की ओर्का देवमासे दिसत नाहीत. मग आई बोटीचं इंजिन बंद करते आणि रोवीना डोळे मिटून त्यांचे श्वास मोजते.

"काय मोजणीबाई, किती?" आईनं विचारलं.

"आठ."

"ओर्कांच्या या कुटुंबात सातच आहेत. कान आहेत की शिंपले?"

बोटीवरचे पर्यटक हसले. रोवीनाही हसली आणि पुन्हा मोजायला लागली. सात श्वास फुस्सकन फुटले. आठवा अगदी हलका होता, आणि त्याच्या शेवटी बारीकशी शिट्टी होती.

ती शिट्टी तिच्या ओळखीची होती. कालच दवाखान्यातून आलेले आजोबा हट्टानं बोटीवर चढले होते आणि खालच्या केबिनमध्ये झोपले होते. त्यांची छाती अशीच वाजायची.

"आई, आजोबांना बघ ना."

"आत्ताच बघून आले. झोपू दे."

धुक्यात ओर्का वळले. श्वास लांब जाऊ लागले, आणि त्यांच्या मागोमाग ती शिट्टीही निघाली.

रोवीना धावत खाली गेली. केबिनच्या दाराला तिनं कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"आजोबा," तिनं हाक मारली.

पार लांबून, पाण्यावरून, शिट्टी वाजली.